दान आणि अनुदान

सार्वजनिक संस्था काढू पाहणाऱ्या मंडळींच्या तोंडी आजकाल जो शब्द सर्वांआधी येतो, तो ‘अनुदान’ हा होय. वाचनालय काढावयाचे, तर त्यास अनुदान कोणते. व्यायामशाळा उभारावयाची, तर अर्ज कोणत्या कचेरीत द्यावयाचा. बालवाडी चालवावयाची, तर कोणती कंपनी पैसे देईल, असे प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतात. पूर्वी अशा मंडळींची पहिली बैठक वर्गणीचा आकडा ठरविण्यात जात असे. आता ती योजनांची यादी वाचण्यात जाते. हा पालट बरा की वाईट, याचा निवाडा घाईने करणे योग्य नव्हे. तथापि ज्या शब्दावर आपण एवढी भिस्त ठेवतो, त्याच्या पोटात काय आहे व त्याने आपल्या प्रांतातील संस्थांचे आजवर काय केले, हे एकदा निवांतपणे पाहून घेतले पाहिजे.

संस्कृतातील ‘अनु’ हा उपसर्ग मागाहून येण्याचा, पाठोपाठ चालण्याचा अर्थ दाखवितो. अनुज म्हणजे मागाहून जन्मलेला, अनुचर म्हणजे मागून चालणारा. त्या न्यायाने पाहू गेल्यास अनुदान म्हणजे एका दानाच्या पाठोपाठ येणारे दुसरे दान. मग पहिले दान कोणाचे? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळला असता, टिकलेल्या आणि बुडालेल्या संस्थांमधील भेद बहुधा याच प्रश्नाच्या उत्तरापाशी येऊन थांबतो, असे दिसून येईल.

विषय हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर धरू. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीलगतचे कामतघर हे एके काळचे गाव आता शहराच्याच पोटात आले आहे. एका बाजूस वऱ्हाळा तलाव व त्याच्या काठचे वऱ्हाळादेवीचे मंदिर. सभोवार यंत्रमागांचा खडखडाट. जवळच तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे पद्मनगर. आणि या सर्वांत मिसळून गेलेले जुने रहिवासी, घाटावरून आलेली कुटुंबे व उत्तरेकडून पोटासाठी आलेले कारागीर. अशा वस्तीत लहानसहान मंडळांची गरज मोठी असते आणि त्यांची मिळकत अत्यंत तुटपुंजी असते. मागावर कापडाच्या मापाने मजुरी घेणाऱ्या माणसाने वाचनालयास काय द्यावे? म्हणून अनुदानाकडे डोळे लागणे हे अगदी स्वाभाविक आहे. अशा वस्तीतील चिटणिसाने अर्जाचा कागद पुढे ओढण्यापूर्वी आपल्या पूर्वसूरींचा अनुभव ऐकावा, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

आपल्याकडील सार्वजनिक दानाची जुनी रीत म्हणजे इनाम, वर्षासन आणि दक्षिणा. देवस्थानास जमीन, विद्वानास वर्षासन, मठास गाव तोडून दिलेला, असा तो व्यवहार होता. त्यांपैकी श्रावणमासातील दक्षिणेचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. ही प्रथा तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी सुरू केली. १७३१ साली डभईच्या लढाईनंतर दाभाड्यांचे तेज उतरले आणि दक्षिणेचा भार पेशव्यांनी आपल्या शिरावर घेतला. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे शास्त्री-पंडित जमत, त्यांची परीक्षा होई व योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे. पुढे पुढे विद्वत्ता मागे पडून जमणाऱ्यांची संख्याच वाढली. येथे देणारा राजा, घेणारा विप्र, आणि ज्यांच्या कराच्या पैशातून हे सारे चाले ती रयत दोहोंच्या हिशेबात कोठेच नाही, अशी स्थिती होती.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन हा धोरणी पुरुष होता. दक्षिणा एकदम बंद केल्यास पुण्याचे मन दुखावेल हे जाणून त्याने ती कमी प्रमाणात चालू ठेवली, आणि तिचा ओघ हळूहळू विद्येकडे वळविला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच धोरणातून. परंतु खरा पालट घडविला तो सरकारी हुकमाने नव्हे, तर पुण्यातील काही तरुणांच्या एका अर्जाने. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, व त्यांचे सहकारी यांनी सरकारास विनंती केली की, दक्षिणेच्या पैशातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा, मग तो ग्रंथकार कोणत्याही जातीचा असो. सनातनी मंडळी खवळून उठली. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. आणि अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच वाटेने गेले. फुल्यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांनाही याच निधीचे साहाय्य झाले. रमण्यात वाटला जाणारा पैसा तीन दशकांत माळ्याच्या मुलाने चालविलेल्या मुलींच्या शाळेपर्यंत पोचला, ही गोष्ट लहान नव्हे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वजनिक पैसा कोणाकडे जावा, हे देणाराच एकटा ठरवितो असे नाही. लोक जागरूक असतील, त्यांच्या अर्जात तथ्य असेल, तर धर्मादायाचा ओघही वळतो. मात्र ज्यांनी तो वळविला, त्यांनी आधी स्वतःचे काही उभे केले होते, हे विसरता कामा नये. फुल्यांची पहिली शाळा १८४८ सालची. दक्षिणेचा पैसा तिच्या मागाहून आला. तो खऱ्या अर्थाने अनुदान होता.

याच काळात दुसरा एक धडा महाराष्ट्राने मोठ्या कष्टाने घेतला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्या घराण्यांना व संस्थानांना ‘सनद दाखवा’ असा प्रश्न आला. कोणाची सनद वाळवीने खाल्लेली, कोणाची जाळपोळीत गेलेली, कोणाकडे ती कधी नव्हतीच. ज्यांना कागद दाखविता आला नाही, त्यांची इनामे गेली. कमिशनच्या कडक वागणुकीने देशात जो असंतोष माजला त्याची कथा निराळी. परंतु दिलेल्या दानालाही कागद लागतो आणि परंपरा ही पावती होत नाही, एवढे त्या दिवसापासून आपल्या लोकांस कळून चुकले.

१८५४ साली विलायतेहून सर चार्लस वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि ‘ग्रँट’ हा शब्द आपल्या भाषेत रुजला. खाजगी शाळांस सरकारी साहाय्य द्यावयाचे, पण ते काही अटींवर. शाळेत ऐहिक विषयांचे शिक्षण चांगले मिळत असावे. तिच्यावर स्थानिक लोकांचे जबाबदार कारभारी मंडळ असावे. सरकारी तपासनिसास शाळा पाहू द्यावी. आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, पण फी घ्यावी. शाळा कोणत्या धर्माची हे सरकार पाहणार नव्हते. या अटी नीट पाहिल्या तर त्यांत दात्याची हुकमत आहे, तशीच एक जाणही आहे. फी घ्यावी व स्थानिक मंडळ असावे या दोन अटींचा अर्थ असा की, ज्यांच्यासाठी शाळा आहे त्यांचा तिच्यात आधी वाटा असला पाहिजे. सरकार त्यांच्या मागून येईल. वुडसाहेबांच्या मनात सरकारी खर्च वाचविण्याचा हेतू होता हे खरे. आणि गरीब व मागासलेल्या वर्गांस ही पद्धत अपुरी पडली हेही खरे. जेथे फी देण्याची ऐपत नव्हती, स्थानिक मंडळ चालविणारी शिकलेली माणसे नव्हती, तेथे ग्रँट पोचलीच नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते, की रयतेकडून घेतलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. हा आक्षेप आजच्या अनुदानांसही लागू पडतो. त्याकडे पुन्हा यावे लागेल.

ग्रँटच्या पद्धतीचा लाभ घेऊन महाराष्ट्रात अनेक शिक्षणसंस्था वाढल्या. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सरकारी साहाय्य घेतले, संस्थानिकांच्या देणग्या घेतल्या, कॉलेजास गव्हर्नर फर्ग्युसन यांचे नावही दिले. परंतु तिचे मूळ भांडवल हे नव्हते. अल्प वेतनावर आयुष्याची वीस वर्षे देणारे आजीव सदस्य हे तिचे पहिले दान होते. बाकी सर्व त्याच्या पाठोपाठ आले.

आता सरकारी ग्रँट सोडून खाजगी दात्याकडे वळू. कारण पुष्कळांस असे वाटते की, अटी फक्त सरकारच घालते. धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या बाबतीत वाचण्यासारखे आहे. संस्था काढण्यापूर्वीच त्यांनी आपल्या कोकणातील गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला होता. गावाच्या माणसांनी आपल्या मिळकतीतून थोडे थोडे बाजूस काढून गावाची कामे करावी, ही त्यामागील कल्पना. पुढे १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला व १९०० साली हिंगण्यास गेला. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठास सरकारमान्यता नव्हती. वर्गणीदारांचा एक मतदारसंघ उभारून, त्यांच्या वार्षिक वर्गणीवर व कर्व्यांच्या अखंड भटकंतीवर ते चाले. १९२० साली सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. या रकमेचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये विद्यापीठास मिळावयाचे. त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास द्यावे, ही त्यांची प्रमुख अट. इतरही अटी होत्या. १९२५ साली सर विठ्ठलदास वारले. पुढे अटींच्या अर्थावरून विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात वाद उत्पन्न होऊन काही काळ रक्कम थांबली. अखेर तडजोड झाली, आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले.

यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. ठाकरसींचे औदार्य अपूर्व होते. त्यावाचून विद्यापीठास आजचे रूप आले नसते. परंतु मोठा दाता गेल्यावर त्याची इच्छा कागदातून वाचावी लागते, आणि कागदाचे दोन अर्थ होऊ शकतात. त्या अडचणीच्या काळात विद्यापीठ उभे राहिले ते मागे हजारो लहान वर्गणीदारांची सवय होती म्हणून. रुपया-दोन रुपये देणाऱ्यांची यादी ही केवळ जमेची बाजू नसते. ती संस्थेची खरी तटबंदी असते.

या गोष्टीचे सर्वांत झणझणीत उदाहरण भाऊराव पाटलांचे आहे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. हे वसतिगृह चालविताना लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिनेच नव्हेत, तर मंगळसूत्रही मोडावे लागले. संस्थेचे ब्रीद स्वावलंबन. मुलांनी शेतात व बांधकामावर राबावे, आणि गावोगावच्या बायांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूस काढावे, अशी मुष्टिफंडाची रीत. पुढे संस्थेस सरकारी अनुदानही मिळू लागले व शाळांची संख्या झपाट्याने वाढली. १९४८ साली राजकीय मतभेदातून मुंबई सरकारने ते अनुदान बंद केले. स्वराज्य येऊन फार काळ लोटला नव्हता. सरकार परक्यांचे नव्हते, आपलेच होते. तरीही पैशाची तोटी बंद झाली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापाशी शब्द टाकला, लोकांनी मदत केली, आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. एखाद्या संस्थेचे अनुदान असे एकाएकी थांबले तर ती किती दिवस टिकेल? ‘रयत’ टिकली, कारण मुष्टिफंडाने तिला हजारो घरांत चूल दिली होती. जिने मूठभर जोंधळे दिले, त्या बाईस ती शाळा आपली वाटत होती. तिच्या मुठीस बंद करणारा हुकूम कोणतेही सरकार काढू शकत नव्हते. अनुदानाशिवाय ‘रयत’ एवढी मोठी झाली नसती, हेही तितकेच खरे. मुठीने संस्था जगते, अनुदानाने ती वाढते. दोहोंचा क्रम मात्र उलटा करून चालत नाही.

ग्रंथालयांचा इतिहासही याच क्रमाची साक्ष देतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. भिवंडीच्या शेजारची ही कल्याण-ठाण्याची ग्रंथालये निघाली तेव्हा ग्रंथालयांचा कायदा स्वप्नातही नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला तो १९६७ साली. त्यानंतर ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीने सार्वजनिक ग्रंथालयांस अनुदान मिळू लागले व खेडोपाडी वाचनालये निघाली. यातून फार मोठे काम झाले, यात शंका नाही. परंतु २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा काही ठिकाणी पाटी आहे पण पुस्तके व वाचक नाहीत, असाही प्रकार आढळला. वाचकांनी काढलेले ग्रंथालय आणि अनुदानासाठी काढलेले ग्रंथालय यांत हा भेद पडतो. पहिल्यात वाचक आधी व कपाट मागाहून. दुसऱ्यात नोंदवही आधी आणि वाचक आलाच तर मागाहून.

आता वर्तमानाकडे येऊ. आजच्या मंडळापुढे जी दारे आहेत, त्यांची रचना समजून घेतली पाहिजे. पहिली पायरी नोंदणीची. १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम व १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्यास आता महाराष्ट्राचे नाव लागले आहे, हे दोन कायदे आपल्या राज्यातील मंडळांचे आईबाप होत. दुसऱ्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देण्याची जबाबदारी येते. त्याचा पुष्कळांस जाच वाटतो. परंतु इनाम कमिशनची आठवण ज्यांस आहे, त्यांनी ताळेबंद व पावतीपुस्तक यांस सनदेइतके जपावे. पुढे अर्जाच्या वेळी दाता पहिल्याने तेच मागतो.

दुसरे दार धर्मादाय निधींचे. सर रतन टाटा यांचा निधी १९१९ साली व सर दोराबजी टाटा यांचा १९३२ साली स्थापन झाला. दोराबजींच्या निधीतूनच १९३६ साली मुंबईस समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, जी पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. अशा निधींनी दानाला शास्त्राची जोड दिली. दुःख पाहून पैसे टाकण्याऐवजी दुःखाचे कारण शोधून त्यावर खर्च करावा, हा विचार त्यांनी आपल्याकडे रूढ केला. त्याबरोबरच अर्जदारानेही आपल्या कामाचे मोजमाप दाखवावे, ही अपेक्षा आली.

तिसरे दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असा नियम १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आला. कोणत्या कामांवर हा खर्च करावा त्याची यादी त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. कंपनीने बाहेरच्या संस्थेमार्फत काम करावयाचे, तर त्या संस्थेस आयकर खात्याची नोंदणी, कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि २०२१ पासून केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंद, एवढे लागते. म्हणजे काल निघालेल्या मंडळास हे दार बंद आहे. त्याने तीन वर्षे स्वतःच्या पायावर चालून दाखविले पाहिजे. कायद्याच्या रूक्ष भाषेतही शेवटी तेच उमटले आहे: आधी तुमचे, मग आमचे.

चौथे दार परदेशी देणग्यांचे. त्यावरील कायदा १९७६ साली प्रथम झाला, २०१० साली नवा झाला व २०२० साली आणखी कडक झाला. त्या वेळी कारभारखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेस देणे बंद झाले. पूर्वी मोठ्या शहरातील मोठी संस्था परदेशातून निधी आणी व कामतघरासारख्या ठिकाणच्या लहान मंडळास त्यातील वाटा देई. ती वाट आता राहिली नाही. कायद्याची एक दुरुस्ती होते आणि दूरच्या वस्तीतील बालवाडीच्या बाईंचे वेतन थांबते. ज्या मंडळाची मुळे दात्याच्या अंगणात होती, त्यांची अशी गत झाली.

या चारही दारांपाशी एक मोह उभा असतो, त्याची सूचना देणे अवश्य आहे. दात्याच्या यादीत जे काम असते त्यास पैसा मिळतो. वस्तीस जे हवे असते ते त्या यादीत असेलच असे नाही. मग चिटणीस वस्तीची गरज यादीच्या शब्दांत बसवू लागतो. एक वर्ष आरोग्य, पुढील वर्ष संगणक, त्यापुढील वर्ष वृक्षारोपण, असे मंडळाचे ध्येय दरवर्षी पालटते. अर्ज लिहिणारा कारागीर मोठा होतो आणि काम करणारा मागे पडतो. रमण्यातील दक्षिणेचीच ही नवी आवृत्ती होय. त्या वेळी परीक्षेपुरते पाठांतर असे, आता अर्जापुरते ध्येय असते.

येथे एक रास्त आक्षेप निघेल, आणि तो फुल्यांच्याच परंपरेतला आहे. ‘आधी तुमचे, मग आमचे’ हा न्याय पैसेवाल्यांच्या सोयीचा नाही काय? ज्या वस्तीत मागाचा धंदा मंदावला की घराची चूल मंदावते, तिच्याकडे पहिल्या दानाची अपेक्षा करणे निर्दयपणाचे नाही काय? आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता ही राज्याची कर्तव्ये होत. ती वर्गणीवर टाकणे हा अन्याय आहे, आणि त्यांसाठी मंडळांनी अर्ज न करता हक्काने भांडावे. परंतु जे काम लोकांचे स्वतःचे आहे, त्यात पहिल्या दानाचे मोल रुपयांत नसून माणसांच्या संख्येत असते. एका शेठजीने दिलेल्या एक लाखापेक्षा हजार घरांनी दिलेले दहा दहा रुपये संस्थेस अधिक बळ देतात. रक्कम लहान असली तरी मालक हजार होतात. बचत गटांनी हे अलीकडे सिद्ध करून दाखविले आहे. १९९२ साली नाबार्डने गट व बँका यांची सांगड घालण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. त्याची मेख अशी की, बायांनी आधी काही महिने स्वतःची बचत करावी, आपसांत ती फिरवावी, हिशेब लिहावा. मग त्या बचतीच्या प्रमाणात बँकेने कर्ज द्यावे. ज्यांच्यापाशी काही नाही असे सर्व जग म्हणत होते, त्याच बायांनी पहिले दान केले.

पहिले दान पैशाचेच असते असेही नाही. याचा दाखला शोधण्यास भिवंडीबाहेर जाण्याचे कारण नाही. १९७० व १९८४ या दोन सालांच्या दंगलींनी हे शहर होरपळून निघाले. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची योजना हाती घेतली. त्या त्या वस्तीतील हिंदू व मुसलमान रहिवासी आणि ठाण्याचे पोलीस यांनी नियमाने एकत्र बसावे, किरकोळ तंटे तेथेच मिटवावे, एकमेकांस नावाने ओळखावे, इतकी ती साधी गोष्ट. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता, जिच्याविषयी सर्वांस धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. या समित्या कोणत्याही अनुदानयोजनेतून जन्मल्या नव्हत्या. बीज एका अधिकाऱ्याने टाकले हे खरे. परंतु संध्याकाळचा कामाचा वेळ मोडून सतरंजीवर येऊन बसणारी माणसे वस्तीचीच होती. त्यांचा तो वेळ हेच दान. त्याची पावती कोणी फाडली नाही, पण त्याने जी माणसे वाचली असतील त्यांची किंमत कोणत्या निधीतून भरून निघाली असती?

असो. एवढ्या विवेचनावरून अनुदान घेऊ नये असा अर्थ कोणी काढू नये. सार्वजनिक पैसा हा लोकांचाच आहे. तो मागण्यात दीनपणा नाही आणि त्याचा हिशेब देण्यात अपमान नाही. लोकहितवादींनी अर्ज केला, कर्व्यांनी देणगी घेतली, भाऊरावांनी अनुदान घेतले. परंतु या तिघांपाशीही अट मान्य करण्यास किंवा नाकारण्यास लागणारे बळ होते, आणि ते बळ त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे होते. ज्या संस्थेपाशी स्वतःचे असे काहीच नाही, तिला ‘नको’ म्हणता येत नाही. आणि जिला ‘नको’ म्हणता येत नाही, तिचे ‘हो’ म्हणणेही खरे नसते.

जुन्या महसुली मराठीत ‘कामत’ असा एक शब्द आहे. धन्याने दुसऱ्यास लावून न देता स्वतःच्या देखरेखीखाली कसण्यास ठेवलेली जमीन, असा त्याचा अर्थ. कामतघर या नावात तोच शब्द कानास ऐकू येतो. इनाम दुसऱ्याने दिलेले असते व ते परत घेतलेही जाते; कामत स्वतःच्या घामावर असते. प्रत्येक लहान मंडळाने आपल्या कारभाराचा एक तुकडा तरी असा कामत म्हणून राखावा: दहा रुपयांची वर्गणी, आठवड्याचा एक तास, दळणातील एक मूठ, आणि चोख लिहिलेली एक वही. मग अनुदान आले तर शेत वाढेल. न आले तरी पेरणी चुकणार नाही.